चंद्रावरच्या सशाचं तिसरं पर्व

चंद्राला आपण शशी म्हणतो, शशांक म्हणतो, मुलांची तशी नावंही ठेवतो. पण त्या शब्दांत एक ससा दडून बसलाय हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गोष्ट जातकातली. दारी आलेल्या उपाशी पाहुण्याला वाढायला सशाकडे गवतापलीकडे काही नव्हतं. म्हणून त्यानं जाळात उडी घेतली. पाहुणा म्हणून आला होता शक्र, म्हणजे आपला इंद्र. आग गार पडली, आणि सशाची आठवण राहावी म्हणून इंद्रानं त्याचं चित्र चंद्रावर काढलं. बौद्ध भिक्खूंच्या पोथ्यांतून ही गोष्ट चीनमार्गे जपानला पोचली आणि ‘कोंजाकू मोनोगातारी’ या तिथल्या जुन्या कथासंग्रहात शिरली. जपानी लोकांनी पुढे त्या सशाच्या हाती मुसळ दिलं. पौर्णिमेच्या रात्री तो चंद्रावर उखळात तांदूळ कांडतो आणि मोची करतो, असं तिथली मुलं अजून ऐकतात.

औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या नाओको ताकेउची या चित्रकथाकार बाईंनी १९९१च्या अखेरीस ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात नवी चित्रकथा सुरू केली, तेव्हा नायिकेचं नाव ठेवलं त्सुकिनो उसागी. जपानीत आडनाव आधी येतं. नाव सरळ वाचलं की अर्थ होतो चंद्रावरचा ससा. ही उसागी रडकी, झोपाळू, खादाड, परीक्षेत गटांगळ्या खाणारी. बोलणारी काळी मांजर तिला गाठते, एक ब्रोच देते आणि सांगते की तू योद्धा आहेस. ती सेलर मून होते.

चित्रकथा सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच ७ मार्च १९९२ रोजी तोएइ कंपनीनं तिची टीव्ही मालिका सुरू केली. शनिवारी संध्याकाळी सातला, टीव्ही असाहीवर. पाच पर्वं, मिळून २०० भाग. त्यातलं तिसरं पर्व म्हणजे ‘सेलर मून एस’: १९ मार्च १९९४ ते २५ फेब्रुवारी १९९५, एकूण ३८ भाग. पाचांतलं हेच सर्वांत उत्तम, असं छातीठोक सांगणारे चाहते जगभर भेटतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. फक्त या पर्वात जे अव्वल आहे आणि जे फसलंय, ते एकाच भट्टीतून निघालं आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटतं.

ती भट्टी समजायला थोडं मागे जावं लागतं. ‘माहो शोजो’, म्हणजे जादूची मुलगी, हा प्रकार जपानी टीव्हीवर १९६६च्या डिसेंबरात आला. तोएइचीच ‘सॅली’ ही मालिका. मूळ चित्रकथा मित्सुतेरू योकोयामांची, ज्यांनी आधी पोरांसाठी ‘तेत्सुजिन २८’ हा राक्षसी यंत्रमानव उभा केला होता. त्या सुमारास ‘बीविच्ड’ ही अमेरिकी चेटकिणीची मालिका जपानी घरांत बघितली जात होती, तिचा वारा सॅलीला लागलेला. सॅली जादूच्या राज्याची राजकन्या, पण तिची जादू खर्ची पडायची ती शेजारपाजारच्या भानगडी निस्तरण्यात. १९६९मध्ये फुजिओ आकात्सुकांची ‘आक्को-चान’ आली. तिच्या हातात जादूचा छोटा आरसा होता. तसाच आरसा दुकानात खेळणं म्हणून मिळू लागला आणि या धंद्याचं गणित एकदाचं बसलं: नायिकेच्या हातात जे आहे, ते वाण्याच्या फळीवर असलं पाहिजे. १९८३च्या ‘क्रीमी मामी’पर्यंत हे गणित बदललं नाही. मुलगी जादूनं मोठी व्हायची, गायची, नटायची. मारामारी तिच्या वाट्याला सहसा येत नसे. १९७३ची ‘क्यूटी हनी’ हा अपवाद, आणि ती काही मुलींसाठी काढलेली नव्हती.

ताकेउचींनी यात पोरांचा खेळ आणला. तोएइच्याच ‘गोरेंजर’पासून, म्हणजे १९७५पासून, रंगीबेरंगी पोशाखातले पाच वीर दर आठवड्याला एक राक्षस लोळवत होते. हे पाच वीर काढून त्या जागी शाळेच्या खलाशी-गणवेशातल्या पाच मुली उभ्या केल्या: उसागी, आमी, रेई, माकोतो, मिनाको. प्रत्येकीला एकेक ग्रह, उसागीला चंद्र. राक्षस दर शनिवारी नवा.

खरी अडचण इथून सुरू झाली. चित्रकथा महिन्याला एकदा निघायची, मालिका आठवड्याला. एका प्रकरणावर चार-चार भाग काढायचे म्हणजे पाणी घालणं आलंच. दुसऱ्या पर्वाचे पहिले तेरा भाग तर तोएइच्या लेखकांनी स्वतःच रचले, तोवर ताकेउची पुढचं लिहीत होत्या. दिग्दर्शक जुनिची सातो दुसऱ्या पर्वाच्या वाटेत बाजूला झाले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कुनिहिको इकुहारांकडे सूत्रं आली. तिसरं पर्व पहिल्या भागापासून शेवटापर्यंत इकुहारांचं. व्यक्तिरेखांची रेखाटनं काझुको तादानोंकडून इकुको इतोंकडे गेली; चेहरे थोडे लांबट झाले, डोळ्यांत जरा थंडपणा आला. नुसता फरक बघायचा असेल तर पहिल्या पर्वातली मिनाको आणि तिसऱ्यातली मिनाको शेजारी ठेवावी.

तिसऱ्या पर्वाची मूळ कल्पना ताकेउचींची. परग्रहावरून आलेले काही जण प्राध्यापक तोमोए नावाच्या शास्त्रज्ञाच्या देहात आणि त्याच्या ‘मुगेन’ या श्रीमंत शाळेत ठाण मांडून बसले आहेत. मुगेन म्हणजे अनंत. जगाचा अंत घडवणारा ‘मौनाचा मसीहा’ त्यांना जागा करायचा आहे. त्यांना अडवायला दोन नव्या योद्ध्या येतात, युरेनसची हारुका आणि नेपच्यूनची मिचिरू. चित्रकथेत या दोघींकडे आणि प्लूटोच्या सेत्सुनाकडे तीन ताईत असतात: तलवार, आरसा आणि रत्नाचा गोळा. जपानी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. तलवार, आरसा आणि मणी ही तिथल्या सम्राटाची पिढीजात राजचिन्हं.

टीव्हीच्या लेखकांपुढे प्रश्न साधा होता. ताईत आधीच हाती असतील तर दर शनिवारी करायचं काय? म्हणून त्यांनी ते माणसांच्या काळजात लपवले. तीन अत्यंत शुद्ध हृदयांत तीन ताईत आहेत; कुणाच्या ते ठाऊक नाही. शत्रू दर आठवड्याला एका माणसाची छाती फोडून स्फटिकासारखं हृदय बाहेर काढतो आणि ताईत निघतो का ते बघतो. नाही निघाला तर पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी. मालिका चालवण्याची ही निव्वळ गिरणीतली सोय, पण तिच्यातून एक भयंकर गोष्ट आपोआप घडली. हारुका आणि मिचिरूलाही ताईतच हवे आहेत. त्याही प्रत्येक वेळी तो स्फटिक निरखतात, ‘हा नव्हे’ म्हणतात आणि परत देतात. आणि ‘हाच तो’ निघाला असता तर? तर त्या माणसाला मरू द्यायची त्यांची तयारी आहे. शत्रू आणि मित्र एकाच रांगेत, एकाच काळजाकडे बघत उभे. मुलींच्या मालिकेत, शनिवारी संध्याकाळी सातला, जेवणाच्या ताटासमोर.

आपल्या गोष्टीतला ससा स्वतः जाळात उडी घेतो. हारुका आणि मिचिरू मात्र जाळ पेटवून दुसऱ्या कुणाला तरी त्यात टाकायला निघाल्या आहेत. नाव सशाचं असलेली उसागी दोन्हीला नाही म्हणत राहते. या पर्वाचा जीव या भांडणात आहे.

हारुकाबद्दल थोडं थांबायलाच हवं. ती पहिल्यांदा दिसते ती व्हिडिओ गेमच्या दुकानात, मुलाच्या पोशाखात, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळताना. उसागी आणि मिनाको दोघी त्या देखण्या ‘मुला’च्या मागे लागतात; ती मुलगी आहे हे भागाच्या शेवटी कळतं. तिला आवाज दिला मेगुमी ओगाता यांनी. असा पुरुषी रुबाब जपानी मुलींना काही नवा नव्हता. १९१४मध्ये ताकाराझुका या गावी सुरू झालेल्या नाटकमंडळीत सगळ्या भूमिका बायकाच करतात, आणि नायकाचं काम करणारीवर बायकांचा जीव जडतो. आपल्याकडे त्याच्या वर्षभर आधी, १९१३मध्ये, ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली होती. तिथे बालगंधर्वांच्या साडीची आणि नथीची नक्कल घरोघरच्या बायका करत. आरसा तोच, फक्त उलटा धरलेला. पुढे चित्रकथेचे पितामह ओसामू तेझुका, ज्यांचं बालपण ताकाराझुकात गेलं, त्यांनी १९५३मध्ये पुरुषवेशातल्या राजकन्येची ‘रिबन नो किशी’ काढली. हारुका या घराण्यातली. पण ताकाराझुकाचा नायक रंगमंचावर नायिकेवर प्रेम करतो. हारुका मिचिरूवर करते. मालिकेनं हे कधी घोषणा करून सांगितलं नाही आणि लपवलंही नाही. एकीचं व्हायोलिन, दुसरीची गाडी, दोघींच्या अर्ध्या वाक्यांतलं हसू, आणि उसागी गोंधळून बघते आहे. एवढं पुरलं.

अमेरिकेत मात्र ते पचलं नाही. २०००मध्ये इंग्रजीत डब होऊन हे पर्व तिथल्या कार्टून नेटवर्कवर आलं, तेव्हा दोघी चुलत बहिणी झाल्या होत्या. नजरा आणि हातात हात तसेच राहिले, फक्त नातं बदललं. त्यामुळे प्रकरण सभ्य झालं की आणखीच चमत्कारिक, हा प्रश्न त्या वेळी लहान असलेल्या अमेरिकी मुलांनी मोठेपणी मनसोक्त चघळला. २०१४पासून निघालेल्या नव्या इंग्रजी आवृत्तीनं बहिणींचं नातं काढून टाकलं.

पर्वाचा कळस एकशे दहाव्या भागात आहे. पटकथा योजी एनोकिदोंची, भागाचं दिग्दर्शन खुद्द इकुहारांचं. शत्रूच्या गोटातल्या युजिआलनं समुद्रातल्या एका चर्चमध्ये सापळा लावला आहे, कारण तिला शोध लागलाय: दोन ताईत हारुका आणि मिचिरू यांच्याच काळजात आहेत. इतके महिने ज्या दोघी दुसऱ्यांची हृदयं तपासत फिरल्या, त्यांची पाळी आली. दोघींनी आधीच एकमेकींना वचन दिलं होतं की एक पडली तर दुसरीनं मागे न बघता पुढे जायचं. मिचिरू ते वचन मोडते. हारुकाला वाचवायला गोळ्यांच्या माऱ्यातून धावत येते, आणि तिचं हृदय काढून घेतलं जातं. मग हारुका युजिआलचीच बंदूक उचलते आणि स्वतःच्या छातीवर झाडते. ससा अखेर जाळात शिरला. सेलर मूननं आजवर इतकं थेट काही दाखवलं नव्हतं, आणि मालिका बघणारी कितीतरी मुलं तेव्हा सात-आठ वर्षांची होती.

आणि लगेच पुढे, काही मिनिटांत, सगळं परत. सेत्सुना प्रकट होते, तिसरा ताईत आधीपासूनच तिच्याकडे असतो, त्यासाठी कुणाला तिची छाती फोडावी लागत नाही. तीन ताईत एकत्र येतात, प्रकाश पडतो, दोघी उठून बसतात. ज्या नियमावर वीस भाग ताणले, तो तिसऱ्या ताइताला लागूच नाही. प्रकाशातून सोन्याचा चषक निघतो, उसागी तो हातात धरते आणि सुपर सेलर मून होते. चषक खेळण्यांच्या दुकानातही लौकरच आला. मालिकेचं खेळण्यांचं खातं बांदाईकडे होतं. आक्को-चानच्या आरशाचं गणित इथेही चुकलं नव्हतं. हारुकाच्या बंदुकीचा आवाज विरतो न विरतो तोच नवी वस्तू पडद्यावर झळकते. इतका उतावीळपणा बघून आजही दात खावेसे वाटतात.

हे गणित भागाभागात दिसतं. जपानी स्टुडिओत ‘बँक’ नावाचा प्रकार असतो: एकदा नीट काढलेलं रूपांतराचं किंवा हल्ल्याचं दृश्य जपून ठेवायचं आणि दर आठवड्याला पुन्हा वापरायचं. पैसा वाचतो, वेळ वाचतो, पोरांना पाठ होतं. तिसऱ्या पर्वात ही बँक फुगली. सेलर मूनचं रूपांतर, युरेनसचं, नेपच्यूनचं, पुढे भविष्यातून आलेल्या लहानग्या चिबिउसाचं, मग चषकाचं, शिवाय प्रत्येकीचा हल्ला. नेपच्यून आणि युरेनसच्या दृश्यांना पुढे ‘इव्हँगेलियन’ काढणाऱ्या हिदेआकी आन्नो यांचा हात लागला होता आणि ती खरोखर देखणी आहेत. पण विसाव्यांदा बघताना त्यांचंही दळण होतं. बावीस-तेवीस मिनिटांच्या भागातली तीन-चार मिनिटं ठरलेली. राहिलेल्या वेळात राक्षस येणार, कुणाचं तरी काळीज काढणार, मार खाणार.

सगळ्यात मोठा तोटा झाला जुन्या चौघींचा. रेई, माकोतो, आमी आळीपाळीनं बळी म्हणून येतात. एकेक भाग मिळतो, मग त्या पुन्हा मागे उभ्या राहून ‘उसागी!’ ओरडायला मोकळ्या. पहिल्या पर्वात या चार मुलींच्या मैत्रीवर मालिका उभी होती. इथे हारुका-मिचिरू आल्या की चौघी घरातल्या फर्निचरसारख्या. फक्त मिनाको यातून निसटते. आपलं हृदय बाहेर काढल्यावर ती तो स्फटिक कवटाळून पळत सुटते, हा प्रसंग इतका खट्याळ आहे की तिचा बाकीचा रिकामा वेळ माफ करावासा वाटतो. मामोरूची, म्हणजे मुखवटा चढवून गुलाब फेकणाऱ्या त्या नायकाची, अवस्था तर आणखी वाईट. तो येतो, दोन वाक्यं बोलतो, जातो.

खलनायिकांच्या बाबतीत मात्र इकुहारांच्या मंडळींनी ठरलेल्या साच्यालाच गुदगुल्या केल्या. प्रमुख खलनायिकेचं नाव काओलिनाइट. मातीतलं खनिज, ज्यापासून चिनी मातीची भांडी होतात. तिच्यानंतर येणाऱ्या पाच चेटकिणी, युजिआल, मिमेट, टेलू, विलुई आणि सिप्रीन, यांची नावंही खनिजांची. ताकेउचींना दगडांचा नाद होता. पण टीव्हीवर त्या चेटकिणी कमी आणि एकाच साहेबाच्या हाताखालच्या हेवेखोर बाया जास्त. युजिआलचा शेवट शत्रूच्या हातून होत नाही. मिमेट तिच्या गाडीचे ब्रेक निकामी करते. मिमेट एका यंत्रात शिरते, तर टेलू जाऊन त्याचा प्लग उपसते. टेलूला तिचंच झाड खातं. विलुईला तिचीच सूक्ष्म यंत्रं गिळतात. सिप्रीन आणि तिची जुळी प्टिलोल एकमेकींच्या वारानं पडतात. प्राध्यापक तोमोए अंधारात चेहरा लपवून हसत बसलेले असतात, आणि त्यांना आवाज आहे आकिरा कामिया यांचा, ज्यांनी ‘होकुतो नो केन’मधला रांगडा केन्शिरो गाजवला होता. कचेरीतल्या राजकारणाची इतकी मजेदार खिल्ली मुलांच्या मालिकेत सहसा सापडत नाही, आणि ती सापडते नेमकी त्या भागांत जे केवळ वेळ काढायला लिहिलेले होते.

मग होतारू येते आणि हसू मावळतं. प्राध्यापकांची मुलगी. आजारी, एकटी, शाळेतली पोरं तिला टाळतात, तिच्या हाताच्या स्पर्शानं जखमा भरतात. चिबिउसाशी तिची मैत्री होते. हे भाग संथ आहेत, घरात दिवे कमी आहेत, आणि मालिकेनं पहिल्यांदाच राक्षसाशिवाय भीती उभी केली. होतारूच्या आत मौनाचा मसीहा झोपला आहे, आणि तिथेच सेलर सॅटर्नही, जिच्या भाल्यानं जग संपू शकतं. हारुका, मिचिरू आणि सेत्सुना यांचा हिशेब सरळ आहे: मुलीला आत्ताच मारा. वर्षभर दर आठवड्याला नव्या चेहऱ्यावर विचारलेला प्रश्न आता एका दुखणाईत पोरीवर येऊन थांबतो. उसागीचं उत्तर तेच. नाही.

तेव्हाच्या जपानात अशा गोष्टी हवेत होत्या. १९७३मध्ये निघालेल्या बेन गोतो यांच्या नॉस्त्रादामुसवरच्या पुस्तकानं शतकाअखेर जग बुडणार ही कल्पना घराघरात नेली होती. शेवटचे भाग चालू असतानाच १७ जानेवारी १९९५ला कोबेत भूकंप झाला. पर्व संपल्यावर महिनाही लोटला नव्हता, तोच २० मार्चला तोक्योच्या भुयारी रेल्वेत एका पंथानं विषारी वायू सोडला. मालिकेनं भविष्य ओळखलं असं म्हणणं फाजीलपणाचं होईल. मात्र शाळेच्या आड दडलेला मसीहाचा कारखाना हे चित्र त्या मार्चनंतर कुणी परत बघितलं असेल, तर त्याला ते वेगळं दिसलं असणार.

आणि इतकं जमवून आणल्यावर शेवट हुकतो. सॅटर्न त्या महाकाय शत्रूच्या पोटात एकटी जाते. उसागी तिच्या मागे धडपडत जाते. आत काय घडलं ते आपल्याला दिसत नाही. प्रकाश होतो, आणि उसागी एक तान्हं बाळ कुशीत घेऊन बाहेर येते. वर्षभर ज्या प्रश्नाचं उत्तर मागितलं, त्या उत्तराच्या क्षणी कॅमेरा बाहेर उभा. चित्रकथेत सॅटर्न भाला खाली आणते, आणि तिचं येणं म्हणजे काय ते कळतं. टीव्हीवर आपल्याला फक्त निकाल मिळतो. हारुका आणि मिचिरूलाही ते पटत नाही हे बरं झालं. पुढच्या भागात त्या उसागीला लढायला बोलावतात, तिला पडलेली बघतात, आणि मग तिच्यापुढे गुडघे टेकतात. हा वाद दोन भागांत उरकायला नको होता.

चौथ्या पर्वात, म्हणजे पुढचे ३९ भाग, हारुका, मिचिरू आणि सेत्सुना टीव्हीवरून गायब. एक विशेष भाग सोडला तर नावही नाही. बाळ झालेली होतारू परतते ती थेट पाचव्या पर्वात, मार्च १९९६मध्ये, आणि लेखक तिला झपाट्यानं वाढवून पुन्हा उभी करतात. तोवर ओगाता आणि उसागीला आवाज देणाऱ्या कोतोनो मित्सुइशी आन्नोंच्या ‘इव्हँगेलियन’मध्ये पोचल्या होत्या. इकुहारांनी तोएइ सोडली, काही सोबत्यांना घेऊन स्वतःची मंडळी काढली आणि एप्रिल १९९७मध्ये टीव्ही तोक्योवर ‘उतेना’ आणली. पटकथेची सूत्रं एनोकिदोंकडे. नायिका मुलाच्या गणवेशात वावरते आणि तिला राजपुत्र व्हायचंय. द्वंद्वाची वेळ आली की ती दुसऱ्या एका मुलीच्या छातीतून तलवार उपसते, आणि त्या मुलीला त्याबद्दल काय वाटतं हे विचारायला ही मालिका ३९ भाग घेते.